देव वाटेल त्याच्यावर दया करतो, मग आईचं काय?

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलंय की नाही ते तुम्हालाही पाहता येईल. वडिलांचं आयुष्य दारूत गेलं. आईंनी मार खाल्ला, घर चालवलं आणि तरीही दर रविवारी शब्बाथशाळेत मुलांना शिकवत राहिल्या. शेवटच्या आजारात दवाखान्यात वडिलांनी पाळकांबरोबर प्रार्थना केली, ख्रिस्ताला शरण गेले. अंत्यविधीत ‘कृपेने तारण पावलेला आपला बंधू’ असं त्यांच्याबद्दल बोललं गेलं. आईंशी मात्र त्या दिवसांतही ते एक शब्द बोलले नाहीत. आई तेव्हापासून चर्चला गेलेल्या नाहीत. समजवायला आलेल्या मंडळीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी रोमकरांस पत्राचा नववा अध्याय उघडून दाखवला: देवाला ज्याच्यावर दया करायची त्याच्यावर तो करतो, त्याला उलट विचारणारी तू कोण? आता वर्ष होत आलंय आणि काकांना घरी वर्षाची प्रार्थना ठेवायची आहे. तुमचा प्रश्न असा की हा देव लहरी नाही का, आणि सगळं त्याच्याच मर्जीवर असेल तर आपण प्रार्थना कशाला करायची?

देव लहरी आहे का, यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेलेत. पण तुमच्या घरातली अडचण मला त्याच्या अलीकडची वाटते. ज्याने छळलं त्याचा शेवट गोड झाला आणि जिने सोसलं तिला वचन दाखवून गप्प बसवलं, हे ते दुखणं आहे. देव कुणावर दया करायची ते स्वतःच निवडतो, या निवडीच्या सिद्धान्ताचं कितीही उत्तम स्पष्टीकरण दिलं तरी ते या दुखण्याला लागू पडणार नाही. म्हणून दोन्हींबद्दल लिहितो, पण वेगवेगळं.

त्याआधी एक गोष्ट. तुमच्या वडिलांचा पश्चात्ताप खरा होता की मरणाच्या धास्तीने केलेला, हे मी सांगू शकत नाही, आणि त्यांच्या खाटेशी बसलेले पाळकही सांगू शकणार नाहीत. पाळक म्हणून अशा पुष्कळ खाटांशी मी बसलोय. रडून प्रार्थना केलेली काही माणसं बरी होऊन घरी गेली आणि पुन्हा गुत्त्यावर दिसली. काही खरोखर बदलली, इतकी की शेजाऱ्यांना पटायला वेळ लागला. खाटेवर दोन्ही प्रकारची माणसं अगदी सारखी रडतात. जो गेला त्याच्या बाबतीत पडताळून पाहायला वावच राहत नाही. म्हणून अंत्यविधीत कुणाच्या तारणाची ग्वाही देऊ नये, त्याला देवाच्या दयेवर सोपवावं आणि थांबावं, असं माझं मत आहे. घरच्यांना धीर द्यायच्या नादात आपण त्यांच्यातल्याच एकाच्या जखमेवर मीठ चोळतो, हे फार वेळा होतं.

आता नववा अध्याय. तो सुरू कसा होतो ते पाहा. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, माझ्या अंतःकरणात अखंड वेदना आहे. माझ्या भाऊबंदांसाठी मीच ख्रिस्तापासून तुटून शापित झालो तरी चालेल. म्हणजे हा अध्याय लिहिणारा माणूस स्वतः देवापुढे दुःखाने कळवळतोय. त्याच्या पुढ्यातला प्रश्न ठरावीक होता: वचनं मिळाली इस्राएलला, आणि त्यांतले बहुतेक ख्रिस्ताला नाकारतायत, उलट परके आत येतायत, मग देवाचा शब्द फुकट गेला का? पौलाचं उत्तर असं, की देवाची दया वंशाच्या किंवा कर्तबगारीच्या हक्काने कधी मिळतच नव्हती. याकोब आणि एसाव यांच्या जन्माआधीच, दोघांनी बरंवाईट काही करण्याआधीच, निवड झाली. आणि निवड कुणाची? उत्पत्तीच्या पुस्तकातला याकोब हा आंधळ्या बापाला फसवून भावाचा आशीर्वाद लाटणारा माणूस आहे. गुणांवर निवड झाली असती तर याकोबाचा नंबर लागला नसता.

‘देवाला उलट बोलणारा तू कोण?’ हे वाक्य मग येतं, पण ते कुणाला उद्देशून आहे? त्याच्या आधीचं वचन वाचा. तिथे एक काल्पनिक माणूस वाद घालतोय: सगळं देवाच्या इच्छेनेच होतं, तर तो मला दोष का लावतो? म्हणजे स्वतःचा दोष देवाच्या माथी मारून मोकळा होऊ पाहणारा माणूस. तुमच्या वडिलांनी कधी ‘देवानेच मला असा घडवलाय, मी काय करू’ असं म्हटलं असेल, तर हे वाक्य त्यांना लागू होतं. आईंनी कुठे स्वतःचा दोष झटकला? त्या विचारतायत, माझ्यावर झालेल्या अन्यायाचं काय? पवित्र शास्त्रात हा प्रश्न विचारणाऱ्याला देवाने तोंड बंद ठेवायला सांगितलेलं नाही. स्तोत्रकर्ता दहाव्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीत विचारतो की हे परमेश्वरा, तू दूर का उभा राहतोस. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाची सुरुवातच तक्रारीने आहे. काही दोष नसताना सारं गमावलेला ईयोब तर देवाला जवळजवळ कोर्टात खेचतो. देव त्याला वादळातून प्रश्नांवर प्रश्न विचारतो हे खरं, पण शेवटी राग येतो तो देवाची बाजू घेऊन ईयोबाला उपदेश करणाऱ्या मित्रांचा. बेचाळिसाव्या अध्यायात देव त्यांना सांगतो की माझा सेवक ईयोब जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. त्या ज्येष्ठ बाई पुन्हा आल्या तर हा अध्याय त्यांच्यापुढे ठेवायला हरकत नाही. भांडू नका, नुसता वाचून दाखवा.

शिवाय पौल जे वाक्य उद्धृत करतो, ‘ज्याच्यावर दया करायची त्याच्यावर मी दया करीन’, ते कुठून आलंय? निर्गमाच्या तेहतिसाव्या अध्यायातून. सोन्याच्या वासराचं प्रकरण नुकतंच झालंय. चाळीस दिवस इस्राएलचा पुढारी मोशे डोंगरावर होता तेवढ्यात खाली लोकांनी मूर्ती ओतून नाच मांडला. हिशेबाने पाहिलं तर सगळं राष्ट्र तिथेच संपायला हवं होतं. मोशे मध्ये पडतो, पुन्हा पुन्हा विनवतो, तुझं वैभव मला दाखव म्हणतो, आणि त्या विनवणीला उत्तर म्हणून हे वाक्य येतं. पुढच्याच अध्यायात देव आपलं नाव जाहीर करतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. म्हणजे मूळ ठिकाणी हे वाक्य कुणाला बाहेर ठेवण्यासाठी बोललेलं नाही. ज्यांना काहीच हक्क उरला नव्हता त्यांनाही मी ठेवून घेऊ शकतो, माझ्या दयेला तुमच्या लायकीची वेसण नाही, असा त्याचा रोख आहे. देवाची दया सार्वभौम आहे असं मी म्हणतो ते या अर्थाने. पौलही नवव्या अध्यायात थांबत नाही. अकराव्याच्या शेवटाला येऊन म्हणतो की देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडलं ते सर्वांवर दया करण्यासाठी. नववा वाचून पुस्तक मिटणाऱ्यांनी अर्धंच पत्र वाचलेलं असतं.

इस्राएल लोकांना सोडायला तयार नसलेला मिसरचा राजा फारो, त्याचं काय, असं तुम्ही विचाराल. ते अवघड आहे, मी सोपं करून सांगणार नाही. निर्गमात देव आधीच म्हणतो की मी फारोचं मन कठीण करीन. पण पीडा सुरू झाल्यावर बेडकांच्या आणि गोमाशांच्या वेळी फारो आपलं मन आपणच कठीण करतो असं लिहिलंय, आणि गळवांच्या पीडेच्या वेळी परमेश्वराने ते कठीण केलं असं येतं. माणसाने लावून घेतलेल्या दाराला देवाने कडी घातली, की दार लावायलाही देवानेच लावलं, यावर मंडळ्यांत एकमत नाही.

आणि इथे तुम्ही कोणत्या मंडळीत वाढलात यावर उत्तर थोडं बदलतं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाजियस नावाचा ख्रिस्ती शिक्षक म्हणत होता की माणूस मनावर घेईल तर स्वतःच्या बळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो. ऑगस्टीन या बिशपने ते खोडून काढलं आणि ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची शिकवण नाकारली. ५२९ साली ऑरेंजच्या परिषदेने पहिलं पाऊल कृपेचंच असतं असं सांगितलं, आणि त्याच दमात देव कुणाला वाईटासाठी नेमून ठेवतो या मताचा धिक्कारही केला. पुढे सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन याच्या परंपरेने निवडीवर भर दिला. आर्मिनियस या डच धर्मशास्त्रज्ञाच्या अनुयायांना ते मान्य नव्हतं आणि १६१८-१९ मध्ये डॉर्टच्या सभेत त्यांचा पाडाव झाला. अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक वेस्ली याने पुन्हा ठामपणे सांगितलं की कृपा सर्वांना देऊ केलेली आहे, ती नाकारता येते. आपल्याकडे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचा वारसा, मेथडिस्ट मंडळ्या, वसईचे कॅथलिक, १९७० साली नागपुरात स्थापन झालेली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, या सगळ्यांत या मतांचे वेगवेगळे धागे आलेत. पण एका गोष्टीवर यांपैकी कुणाचाच वाद नाही: तारण कमावता येत नाही. कॅथलिक चर्च आणि लुथरन मंडळ्यांनी १९९९ साली आउग्सबुर्गमध्ये संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या तेव्हा त्यातही हेच होतं, की देव आपल्याला स्वीकारतो ते केवळ कृपेने, आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे.

हे पचवायला मराठी माणसाला जड जातं, ख्रिस्ती असला तरी. करावे तसे भरावे, हे आपल्या हाडीमाशी आहे. शास्त्रातही ते आहेच. गलतीकरांस पत्रात माणूस जे पेरतो तेच कापतो असं स्पष्ट म्हटलंय. कृपा हे वाक्य पुसत नाही. दावीद राजाला व्यभिचार आणि खुनाबद्दल क्षमा झाली, तरी नाथान संदेष्ट्याने त्याला सांगितलं की तुझ्या घरातून तलवार हटणार नाही, आणि ती हटली नाही. तुमच्या घरातही वडिलांना क्षमा झाली असली तरी आईंचा मोडलेला हात, तुमचं घाबरत गेलेलं बालपण, भावाचं घर सोडून जाणं, हे सगळं राहिलंच आहे.

आता ज्या दाखल्याचा लोक अशा वेळी हमखास आधार घेतात, त्याकडे येतो. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी दिवस मावळायच्या तासभर आधी. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकेक दिनार, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी. सकाळपासून राबलेले कुरकुरतात. आपल्या शहरांतल्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभं राहून पाहिलंत तर हा दाखला चटकन उलगडतो. धडधाकट गडी आठच्या आत उचलले जातात. उन्हं कलेपर्यंत उभा राहतो तो म्हातारा, पायाने अधू, किंवा ज्याची कुणाशी ओळख नाही असा. धनी विचारतो, दिवसभर रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. त्यांच्याही घरी चूल पेटायची असते, आणि तासाभराच्या पैशांत ती पेटत नाही.

दाखला सुंदर आहे, पण तुमच्या आईंना तो सांगू नका. का ते नीट लक्षात घ्या, कारण इथे चांगले चांगले उपदेशकही घसरतात. दाखल्यातल्या उशिरा आलेल्या मजुरांनी सकाळच्या मजुरांचं काहीही बिघडवलेलं नव्हतं. त्यांनी त्यांना मारलं नव्हतं, त्यांचे पैसे दारूत घातले नव्हते. सकाळच्यांची तक्रार नुसत्या तुलनेची होती, आणि अशा तक्रारीला धनी जे म्हणतो ते बरोबर आहे: मी उदार आहे म्हणून तुझ्या डोळ्यांत का खुपतं? आईंची तक्रार तुलनेची नाही, इजेची आहे. मत्सराला दिलेलं उत्तर जखमेला दिलं की माणूस देवापासूनच दूर जातो.

इजेबद्दल शास्त्र वेगळं बोलतं. भावाने मारलेल्या हाबेलाचं रक्त जमिनीतून ओरडतं आणि देव ते ऐकतो. रोमकरांस पत्राच्याच तिसऱ्या अध्यायात पौल सांगतो की ख्रिस्ताच्या वधस्तंभावर देवाने आपलं न्यायीपण दाखवलं, म्हणजे तो स्वतः न्यायी राहून पाप्याला नीतिमान ठरवू शकेल. कृपा म्हणजे देवाने डोळेझाक केली असा बऱ्याच जणांचा समज असतो. ख्रिस्ती विश्वासात तसं नाही. तुमच्या वडिलांना क्षमा झाली असेल, तर त्यांनी आईंवर उचललेल्या प्रत्येक हाताला आधी पाप म्हटलं गेलं, त्याची किंमत ठरली, आणि ती भरली गेली. भरणारा दुसरा होता इतकंच. आईंच्या सोसण्याची नोंद त्या हिशेबात आहे. अंत्यविधीत वडिलांच्या कृपेबद्दल बोलताना ती नोंद कुणी वाचली नाही, हे खरं चुकलं.

आणखी एक चुकलं. दवाखान्यात वडिलांनी प्रार्थना केल्यावर पाळकांनी विचारायला हवं होतं, बायकोशी बोललात का? पर्वतावरच्या प्रवचनात येशू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय बघा. येशू त्याच्या घरी जेवायला गेला तो त्याने एक पैसाही परत करण्याआधी, ती कृपा. पण कृपा घरात आल्यावर तो उभा राहून म्हणाला, ज्याला फसवलं त्याला चौपट देतो. क्रम उलटा करता येत नाही, आणि दुसरी पायरी गाळताही येत नाही. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराला ती पायरी चढायला वेळच मिळाला नाही, तरी आम्ही केलं त्याचंच फळ भोगतोय इतकं तरी तो उघड बोलला. तुमच्या वडिलांकडे काही दिवस होते, आणि खोलीच्या बाहेर बाकावर आई बसलेल्या होत्या.

मग आईंनी क्षमा करायची की नाही? करावी अशी प्रभूची आज्ञा आहे, मी ती सौम्य करणार नाही. पण वसुलीसारखी क्षमा काढून घेण्याचा हक्क कुणालाच नाही. काकांना नाही, मंडळीला नाही, मलाही नाही. मारहाण सोसलेल्या बायांना कृपेचा दाखला देऊन लवकर लवकर ‘माफ केलं’ म्हणायला लावलेलं मी पाहिलंय. ते शब्द ओठांवर राहतात आणि आतली कडवट जागा तशीच राहते. याला वर्षं लागू शकतात. देवाला घाई नाही.

आईंच्या बाजूने मात्र एक बारीक गोष्ट आहे, ती मी त्यांना सांगीन, पण आज नाही; त्या स्वतः बोलायला लागतील तेव्हा. इतकी वर्षं शिकवलं, सोसलं, त्याचं हे फळ का, असं त्यांच्या मनात असेल तर ते समजण्यासारखं आहे. पण ती वर्षं मजुरी म्हणून मोजली तर शेवटी हातात मजुरीच उरते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते मुंबईहून पुण्याला नेलं, विरोध सोसला. आणि १८९१च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. एवढं काम हातून झालेली बाई हे लिहून ठेवते. तारण मिळायला आपल्या पदरचं काही देण्याची गरज नाही हे कळल्यावर त्या काही हात जोडून बसल्या नाहीत. केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतरचं आहे. तुमच्या आईंनी शब्बाथशाळेतल्या मुलांना शिकवलं तेही कृपेनेच झालं असं मला वाटतं. त्या घरातून दर रविवारी उठून जाण्याचं बळ आणखी कुठून येणार?

राहिला प्रार्थनेचा प्रश्न. वर मोशेचं सांगितलं त्यातच त्याचं उत्तर आलंय: सार्वभौम दयेबद्दलचं ते वाक्य मुळात एका मध्यस्थीच्या प्रार्थनेला मिळालेलं उत्तर आहे. खुद्द पौल, ज्याने नववा अध्याय लिहिला, दहाव्याच्या पहिल्या वचनात म्हणतो की इस्राएलचं तारण व्हावं अशी माझी देवाजवळ विनंती आहे. निवड आणि प्रार्थना यांची सांगड तर्काने कशी घालायची ते कॅल्विनच्या परंपरेतले एक सांगतील, वेस्लीच्या परंपरेतले दुसरं सांगतील. मी स्वतः वेस्लीकडे झुकतो. पण व्यवहारात मला एवढं दिसलंय की दया पात्रतेवर अवलंबून असती, तर माझ्या माहितीतल्या निम्म्या लोकांसाठी प्रार्थना करायला माझं तोंडच उघडलं नसतं.

काकांनी ठरवलेल्या वर्षाच्या प्रार्थनेबद्दल. ती होऊ द्या, पण वडिलांच्या ‘साक्षीचा’ कार्यक्रम करू नका. पाळकांना आधी भेटा आणि आईंवर काय काय झालंय ते स्पष्ट शब्दांत सांगा. त्यांना बहुधा अर्धंच माहीत असेल. वाचनासाठी रोमकरांस नऊ नको, द्राक्षमळाही नको. स्तोत्र ८८ घ्या. संबंध स्तोत्रसंहितेत शेवटी कुठलाही दिलासा न देता अंधारातच थांबणारी अशी प्रार्थना विरळाच, आणि तरी ती शास्त्रात ठेवलेली आहे. वडिलांसाठी दयेची एक छोटी प्रार्थना पुरे, आणि आईंचं नाव घेऊन त्यांच्यासाठी वेगळी. आईंनी ‘मला बसायचं नाही’ म्हटलं तर बसवू नका, आणि हेही पाळकांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी चार लोकांसमोर त्यांना कुणी आतून हाक मारणार नाही.